आईबाबांच्या घराच्या नोंदी: सात ॲप, एक पेटी आणि भिंतीवरची बटणं

७ जून २०२५

नाशिकच्या इंदिरानगरला आईबाबांकडे आले आहे. बाबांच्या फोनमधली 'घराची' ॲप आज मोजली. सात निघाली. पाच वाय-फाय बल्बांचं एक. स्मार्ट प्लगची दोन, कारण दोन प्लग एका ब्रँडचे आणि दोन दुसऱ्या. एसीचं एक, दारावरच्या कॅमेऱ्याचं एक, गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणारं एक आणि इन्व्हर्टरचं एक. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. बाबांनी ते सगळे जुन्या डायरीत लिहून ठेवले आहेत, काही खोडून पुन्हा लिहिलेले.

यातलं निम्मं सामान मीच गेल्या तीन वर्षांत आणून लावलं. प्रत्येक वस्तू आणताना तिचं कारण खरं होतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून गिझर खालूनच लागावा. टाकी वाहून पाणी वाया जातं म्हणून पातळी दिसावी. पण आज आई म्हणाली, "अगं, एक दिवा लावायचा तर आधी तुझ्या बाबांचा चष्मा शोधावा लागतो, मग फोन, मग ते डायरीतलं पान." हे ऐकून मी ठरवलं की हे काम आता नीट, नोंदी ठेवून करायचं.

८ जून

सकाळी पहिली चाचणी. राउटर चालू ठेवला, फक्त त्याला बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढली आणि ॲपमधली १३ उपकरणं एकेक करून चालवून पाहिली. चालली फक्त तीन. एका ब्रँडचे दोन्ही प्लग, कारण ते घरातल्या वाय-फायवरच फोनशी बोलतात, आणि इन्व्हर्टर, कारण त्याचं ॲप ब्लूटूथवर चालतं. बाकी दहा गप्प.

म्हणजे हॉलमधल्या सोफ्यावरून हॉलमधलाच दिवा लावायचा तर निरोप आधी घराबाहेर कुठल्या तरी सर्व्हरवर जातो आणि तिथून परत येतो. केबल पुन्हा जोडल्यावर मोजलं, बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत दीड ते दोन सेकंद. एवढा वेळ गेला की आई दुसऱ्यांदा दाबते. तेवढ्यात पहिला हुकूम पोहोचलेला असतो आणि लागलेला दिवा विझतो.

मी अंबडला कंट्रोल पॅनेलच्या कामात आहे. एखाद्या मशीनचा हुकूम असा गावाला वळसा घालून आला असता तर आम्ही ते पॅनेल पाठवलंच नसतं.

१५ जून

काल मध्यरात्रीनंतर वीज गेली आणि तीनच्या सुमारास आली. आली तेव्हा पाचही बल्ब पूर्ण प्रकाशात लागले, आईबाबांच्या खोलीतला धरून. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला आहे. ते दचकून उठले, अंधारातून एकदम त्या उजेडात, आणि पलंगाच्या कडेला हात आपटला. लागलं फार नाही, पण मला पुढे झोप आली नाही.

कारण साधं आहे. स्मार्ट बल्ब ॲपवरून चालायचा तर भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. वीज गेली की बल्बच्या दृष्टीने कुणीतरी बटण बंद केलं, आणि वीज आली की चालू केलं. मग तो नेहमीच्या बल्बासारखा लागतो. 'वीज परतल्यावर काय करायचं' हा पर्याय ॲपमध्ये असतो. मी शोधून बदलला, प्रत्येक बल्बासाठी स्वतंत्र, चार पानं आत शिरून. दोन प्लगांना मात्र तो पर्यायच नाही.

ज्यांच्याकडे वीज अधूनमधून जाते त्यांनी बल्ब-प्लग विकत घेण्याआधी ही एक गोष्ट विचारून घ्यावी. रंग किती कोटी दिसतात ते नंतर विचारलं तरी चालेल.

२१ जून

पुण्याहून भावाचा फोन. त्याचं म्हणणं: "सगळं काढून टाक ताई, एकाच ब्रँडचं घे, एकच ॲप राहील." दुसरा मार्ग त्यानेच सुचवला, व्हॉइस असिस्टंटच्या ॲपमध्ये सगळी खाती जोडायची.

दोन्हींचा विचार केला. व्हॉइस असिस्टंटवाला मार्ग मी घरी तासभर करून पाहिला. फोनवरचा पडदा एक होतो हे खरं, पण मागे सात खाती सात सर्व्हरवर तशीच राहतात. आता आठवा सर्व्हर मध्ये आला एवढंच. केबल काढली की सगळं पुन्हा गप्प. याला मी 'एकत्र' म्हणणार नाही, ही नुसती पाटी बदलली.

एकाच ब्रँडचं म्हणावं, तर त्या ब्रँडचं दुकान चालेल तोवरच घर चालणार. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, अनेक कंपन्यांची उपकरणं एकत्र जोडणारा. गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातले हब त्या दिवशी निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये स्मार्ट स्विच बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, तेव्हा ग्राहकांना आधी कळवलंही नव्हतं. त्या घरांतले स्विच चांगले होते, वायरिंग चांगलं होतं. फक्त ठरवणारं डोकं घराबाहेर होतं.

त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न आता ॲप एक की सात असा राहिला नाही. काय कधी लागायचं हा नियम कुठे राहतो, घरातल्याच एका छोट्या संगणकात, म्हणजे 'पेटी'त, की बाहेर, हे पाहायचं.

भावाला हे सांगितल्यावर त्याने बरोबर नेम धरला: "मग तुझी ती घरातली पेटी बंद पडली तर?" याचं उत्तर आज माझ्याकडे नव्हतं. ते मिळेपर्यंत आईबाबांच्या घरात काही बसवायचं नाही, असं लिहून ठेवते.

२८ जून

पेटी ठरली. ऑफिसमधून निवृत्त झालेला एक छोटा पीसी आणला, त्यात नवी एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) घातली आणि होम असिस्टंट टाकलं, घरातली उपकरणं एकत्र जोडून चालवणारं सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक माझ्याकडे पडून होता, पण तो मेमरी कार्डावर चालवायचा नव्हता. ही यंत्रणा दिवसरात्र नोंदी लिहीत असते आणि सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं. त्याच प्रकारच्या ओपनहॅब सॉफ्टवेअरचाही विचार केला होता. होम असिस्टंट घेतलं कारण मला लागणारी बहुतेक उपकरणं त्यात आधीपासून जोडता येतात. ते पाउलुस स्खाउट्सन यांनी २०१३ मध्ये सुरू केलं, मुक्त स्रोत आहे, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. उद्या सगळे थांबले तरी आज पेटीत असलेली प्रत चालत राहील.

संध्याकाळी एम. जी. रोडवर जाऊन यूएसबीची एक्स्टेंशन केबल आणि अडॅप्टर आणले. पेटी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले.

५ जुलै

आज वायरमन काका आले. हे घर त्यांनीच १९९८ मध्ये वायर केलं होतं, त्यामुळे कुठल्या पाइपातून काय गेलंय ते त्यांना भिंतीला हात लावून सांगता येतं.

निर्णय असा: वाय-फाय बल्ब काढायचे. साधे एलईडी बल्ब लावायचे आणि भिंतीवरच्या बटणामागे, बोर्डातच, छोटं रिले मॉड्यूल, म्हणजे हुकूम आला की दिवा चालू-बंद करणारा स्विच, बसवायचं. कारण आईचा हात. साठ वर्षांची सवय आहे, खोलीतून बाहेर पडताना हात बटणाकडे जातो. स्मार्ट बल्बाला ही सवय चालत नाही. बटण बंद झालं की ॲप म्हणतं उपकरण ऑफलाइन. मग आम्ही बटणांवर चिकटपट्टी लावली होती, 'बंद करू नये' असं लिहून. स्वतःच्या घरात आईला तिच्याच बटणाला हात लावायची मनाई! ती पट्टी आज काढली.

मॉड्यूलला बटणाच्या दोन तारा जोडल्या आणि त्यात 'बटण हललं की स्थिती बदल' असा पर्याय ठेवला. बटण वर असो वा खाली, हललं की दिवा बदलतो. हे मॉड्यूल स्वतःच करतं. त्याला पेटी लागत नाही, वाय-फायही लागत नाही.

अडचण न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची, आली. ज्या बोर्डात प्लगची सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतो. नुसत्या बटणांच्या बोर्डात आपल्याकडच्या जुन्या घरांत फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी तार असते, आणि मॉड्यूलला जिवंत राहायला न्यूट्रल हवा. हॉलमध्ये शेजारच्या सॉकेटमधून ओढता आला. देवघराच्या बोर्डात ओढायला काकांना दोन तास लागले, पाइपात जुनं सिमेंट गेलं होतं. जिन्याचा टू-वे, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून चालणारा दिवा, आम्ही सोडून दिला, तिथे बॅटरीवरचा सेन्सर आणि वेगळा दिवा लावू.

दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. बोर्डाच्या पेटीची खोली आधी मोजावी. मॉड्यूल कोंबून बसवलं तर तापतं. दोन ठिकाणी आम्ही मागची पेटी बदलून खोल बसवली.

१२ जुलै

दार, जिना आणि देवघराजवळचं बटण यांच्यासाठी झिगबी, म्हणजे कमी विजेवर चालणारं बिनतारी जाळं, घेतलं आहे. यातले सेन्सर बॅटरीवर वर्षभर चालतात. पण आठवडाभर जिन्याचा सेन्सर दिवसातून तीनदा हरवत होता.

कारण सापडलं. झिगबी आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. माझी झिगबी चॅनेल ११ वर होती आणि राउटरचं वाय-फाय चॅनेल १ वर. आकडे लांबचे दिसतात, पण दोन्हींची मोजणी वेगळी आहे. झिगबीचं ११ म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झ, म्हणजे बरोबर वाय-फायच्या १ च्या पोटात. झिगबी २५ वर नेली, ते २४७५ ला येतं, वाय-फायच्या ११ च्याही पलीकडे. झिगबीचं डोंगल, म्हणजे पेटीला लावायची रेडिओची छोटी कांडी, यूएसबी ३ च्या खोबणीत थेट बसवलं होतं, त्या खोबणीचा गोंगाटही याच पट्ट्यात येतो. म्हणून ते एक मीटरच्या केबलने दूर टांगलं. दोन सेन्सर पुन्हा जोडावे लागले. त्यानंतर एकही हरवलेला नाही.

स्वतंत्र ॲपच्या बाजूने इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. ब्रँडचा हब घेतला असता तर ही डोकेदुखी मला दिसली नसती. त्यांच्या माणसांनी ती आधीच सोडवलेली असते.

२० जुलै

पंप. याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

महापालिकेचं पाणी अंगणातल्या जमिनीतल्या टाकीत येतं. तिथून एक एचपीची मोटर ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. भरायला २२ मिनिटं लागतात. आजवर व्यवस्था अशी: टाकीचं ॲप पातळी दाखवणार, बाबा ती पाहून दुसऱ्या ॲपमधल्या प्लगने मोटर लावणार आणि भरली की बंद करणार. दोन ॲपच्या मधला दुवा म्हणजे बाबांची आठवण. मे महिन्यात त्यांना दुपारी डुलकी लागली आणि पाणी गच्चीवरून शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं. त्या दिवसापासून ते टाकी भरेपर्यंत खुर्चीवरून उठत नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसाला रोज बावीस मिनिटं बसवून ठेवणारी सोय मला सोय वाटत नाही.

पहिला मोह असा होता की पातळीचा सेन्सर पेटीला जोडायचा, प्लगही पेटीला जोडायचा आणि नियम लिहायचा: २५ टक्क्यांखाली गेली की लाव, ९५ ला बंद कर. दहा मिनिटांत झालं असतं. पण कारखान्यात आपण असं करतो का? मशीनचा इमर्जन्सी स्टॉप संगणकाच्या भरवशावर कुणी सोडत नाही. लाल बटण दाबलं की तार तुटते आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, सुटतो, स्काडा, म्हणजे देखरेख करणारा संगणक, चालू असो वा बंद. वरची यंत्रणा मागणी करते. नाही म्हणण्याचा हक्क खालच्या तारेकडे असतो.

तेच इथे केलं. काकांच्या मदतीने भिंतीवर छोटं पॅनेल बसवलं: एमसीबी, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला, आणि मॅन्युअल-ऑफ-ऑटोचा सिलेक्टर. कॉइलच्या, म्हणजे कॉन्टॅक्टरला ओढणाऱ्या चुंबकाच्या, तारेत दोन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे स्विच, एकापाठोपाठ जोडले. गच्चीची टाकी भरली की एक तोडतो, खालची रिकामी झाली की दुसरा. सिलेक्टर मॅन्युअलवर असला तरी हे दोन फ्लोट मध्ये आहेतच. स्मार्ट रिले फक्त ऑटोच्या तारेत आहे आणि तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलला चालवतो, मोटरला नाही. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट ओढते, त्यात छोट्या प्लगचे रिले चिकटतात. आमच्या जुन्या प्लगचा चिकटलाच होता. उघडून पाहिल्यावर संपर्क काळे पडलेले दिसले.

शिवाय रिलेच्या आतच, त्याच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये), दोन मर्यादा लिहिल्या. ३० मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही. आणि वॉट पडले, म्हणजे मोटर पाण्याविना फिरत असेल, तर थांबायचं. मोटर पाणी ओढत असताना १०५० च्या आसपास वॉट घेते. सक्शनचा व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करून पाहिलं तर ६०० वर आली. म्हणून ७५० च्या खाली २० सेकंद राहिली की बंद. पेटी झोपली तरी हे चालतं.

मग पेटीकडे उरलं काय? कधी भरायची ते ठरवणं, आणि बाबांना कळवणं. इन्व्हर्टरवर असताना भरायची नाही, दुपारी झोपेच्या वेळी आवाज नको, सकाळी धुण्याच्या आधी भरलेली हवी. हे नियम चार उपकरणांची माहिती एकत्र आल्याशिवाय लिहिताच येत नाहीत. सात ॲपमध्ये हे कधीच झालं नसतं. पण हे नियम एक दिवस चालले नाहीत तर कुणाचं काही बिघडत नाही.

म्हणजे भावाला सांगायचं उत्तर हे: पेटी बंद पडली तर घर १९९८ सालच्या घरासारखं चाललं पाहिजे. त्याहून वाईट चालता कामा नये.

संध्याकाळी बाबांनी सिलेक्टर तीनदा फिरवून पाहिला. फ्लोट हाताने वर उचलून मोटर बंद होते का तेही पाहिलं. मग म्हणाले, "हे मला समजलं." आजवर मी आणलेल्या एकाही वस्तूबद्दल ते असं म्हणाले नव्हते.

२ ऑगस्ट

गिझर. २ किलोवॉट म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर. त्यालाही कॉन्टॅक्टर, आणि रिलेतच ४० मिनिटांची मर्यादा. झालं.

१० ऑगस्ट

टाकीच्या पातळीचा जुना सेन्सर फक्त स्वतःच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणून काढला. ईएसपी८२६६ ही वाय-फायची छोटी चिप आणि पाणी उडालं तरी चालणारा, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेऊन नवा बनवला. हा सेन्सर तोंडासमोरच्या २० सेंटिमीटरमधलं मोजू शकत नाही, त्यामुळे टाकीच्या झाकणावर पाइपाचा तुकडा बसवून तो उंचावर ठेवला.

माहिती एमक्यूटीटीवरून पेटीत येते. हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. जोडणी महाग, अधूनमधून तुटणारी, म्हणून निरोप अगदी छोटे. गच्चीवरून जिन्याच्या तीन भिंती ओलांडून येणाऱ्या वाय-फायला तो चपखल बसतो.

कारखान्यातलं उदाहरण पुन्हा आठवतं. तिथला मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ चा आहे, मोडिकॉन कंपनीचा. आजही वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह आणि मीटर एका तारेवर बोलतात ते त्याच्यामुळे, कारण त्याचे नियम लिहिलेला कागद सगळ्यांना वाचायला मिळाला. घरातल्या वस्तूंना हे सुख फार उशिरा लाभतं आहे.

१६ ऑगस्ट

आज फक्त नावं दिली. ब्रँडच्या ॲपमध्ये 'प्लग ३', 'लाइट २' अशी नावं होती. आता देवघर, ओट्यावरचा दिवा, माजघर, मागचं दार, गच्ची. आतली ओळख रोमन अक्षरांत लागते, ती मी हाताने दिली, यंत्रावर सोडली तर स्पेलिंग वाचवत नाही. आईच्या फोनवर एकच पान ठेवलं, त्यावर सहा मोठी बटणं. आईने "माजघर" वाचलं आणि विचारलं, "हा शब्द याला कळतो?" तिला सांगितलं, याला काहीच कळायची गरज नाही, तुला कळला म्हणजे झालं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. घरात अकरा माणसं, त्यातली चार मुलं. आत्या नाशिकरोडहून मुक्कामाला आली आहे.

कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी भिंतीवरची बटणं वापरली, आणि दिवे लागले. गेल्या वर्षी याच दिवशी मी पाहुण्यांच्या मागे "ते बंद करू नका" म्हणत फिरत होते.

देवघराजवळ झिगबीचं एक बटण आहे. ते दाबलं की आरतीची तयारी होते: माळा लागतात, हॉलचे दिवे थोडे बंद होतात आणि पंखा थांबतो, निरांजन विझू नये म्हणून. आजच्या आरतीला पंखा थांबण्याऐवजी सुरू झाला. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, आहेत, इन्फ्रारेड रिमोटवर चालणारे, आणि रिमोटला चालू-बंद एकच कळ. पेटीने समजून घेतलं होतं की पंखा चालू आहे. प्रत्यक्षात भाच्याने तो हातातल्या रिमोटने आधीच बंद केला होता. उपकरण उलट उत्तर देत नसेल तर पेटीला फक्त स्वतःचा शेवटचा हुकूम आठवतो, खरी स्थिती नाही. हॉलच्या पंख्याच्या लाइनवर वॉट मोजणारं मॉड्यूल लावायचं. २५-३० वॉट दिसले तर चालू, एक-दोन दिसले तर बंद. तोवर आरतीतून पंखा काढला.

१३ सप्टेंबर

आज माझ्या हातून चूक झाली. संध्याकाळी घाईत पेटीची नवी आवृत्ती टाकली, बदलांची यादी न वाचता. दर महिन्याला आवृत्ती येते, आणि एसीची जोडणी या वेळी वेगळ्या पद्धतीने करावी लागणार होती. ती तुटली, तिच्यावर अवलंबून असलेले चार नियमही थांबले. जुनी बॅकअप परत टाकायला ४० मिनिटं लागली.

एकत्र यंत्रणेची खरी किंमत हीच. सात ॲप असताना एक बिघडलं तर सहा चालतात. इथे एका घाईने सगळे नियम एकदम थांबू शकतात. आणि ते दुरुस्त करणारी व्यक्ती सध्या फक्त मी आहे. आईबाबांच्या घरात हे करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मनाशी स्पष्ट करावं: आपण महिन्याला दोन तास या पेटीला देणार आहोत का? नसू तर ब्रँडचं एक चांगलं ॲप आणि भिंतीवरची बटणं, एवढ्यावर थांबणं जास्त प्रामाणिक आहे.

त्या ४० मिनिटांत आईने स्वयंपाक केला, बाबांनी सिलेक्टर मॅन्युअलवर घेऊन टाकी भरली. पेटी बंद होती हे त्यांना माझ्याकडूनच कळलं.

नवा दंडक: बॅकअप रोज रात्री आपोआप, तिची प्रत माझ्या घरी. नवी आवृत्ती महिन्यातून एकदा, यादी वाचून, आणि सणाच्या आठवड्यात नाही.

४ ऑक्टोबर

कॅमेरा आणि इन्व्हर्टर वेगळेच ठेवले. कॅमेरा ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी (चित्र दुसऱ्या यंत्रणेला देण्याच्या खुल्या पद्धती) काहीच देत नाही, म्हणजे त्याचं चित्र त्याच्याच ॲपमध्ये दिसतं. अडीच वर्षांचा चांगला कॅमेरा केवळ एका पडद्यासाठी टाकायचा नाही. तो राउटरच्या पाहुण्यांच्या वाय-फायवर हलवला, घरातल्या बाकी वस्तूंपर्यंत त्याला पोहोचता येत नाही. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये बॅटरीच्या पाण्याची आठवण आणि चार्जिंगच्या खोलवरच्या सेटिंग आहेत, त्या दुसरीकडे कुठेच येत नाहीत. पेटीला फक्त 'वीज आहे की नाही' एवढंच लागतं. त्यासाठी इन्व्हर्टरच्या लाइनीबाहेर एक मॉड्यूल लावलं. ते गप्प झालं की वीज गेली.

सातावरून तीनवर आलो. एकावर आणायचा हट्ट सोडला.

९ नोव्हेंबर

बाहेरच्या दिव्याचा प्लग गेला म्हणून पहिल्यांदा मॅटरचा घेतला. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या ब्रँडच्या वस्तूंसाठीचा सामाईक प्रोटोकॉल. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि तेव्हाची झिगबी अलायन्स डिसेंबर २०१९ मध्ये यासाठी एकत्र आल्या, आणि पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. प्लग पेटीला जोडायला अर्धा तास गेला. नंतर कळलं, राउटरवर आयपीव्ही६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद होतं आणि मॅटरला ते लागतंच. चालू केल्यावर मिनिटभरात जोडला. मग तोच प्लग, पेटीतून न काढता, भावाच्या फोनवरच्या दुसऱ्या ॲपमध्येही जोडून पाहिला. दोन्हीकडून चालतो, आणि इंटरनेटची केबल काढली तरी चालतो. दुकानातून आणलेलं हे उपकरण ८ जूनची चाचणी पास झालं, आणि त्याला मी आतून हातही लावला नाही. मला खरंच बरं वाटलं.

उणीव आहे. त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये वॉट दिसतात, मॅटरमधून फक्त चालू-बंद येतं. वीज मोजण्याची सोय मॅटरमध्ये मे २०२४ च्या १.३ आवृत्तीपासून आली आणि हा प्लग त्याआधीच्या आवृत्तीचा आहे. खोक्यावर मॅटरचं चिन्ह आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही, आवृत्तीही पाहावी.

प्लगवरचा ११ आकडी जोडणीचा कोड बाबांनी डायरीत उतरवून घेतला, स्टिकर पुसट होतं म्हणून. पासवर्डांची जुनी पानं त्यांनी काल फाडली. आता एक पान आहे: कोड, पेटी कुठल्या एमसीबीवर आहे, आणि खाली त्यांच्या अक्षरात, 'काही चालेना तर सिलेक्टर मॅन्युअल. मग हिला फोन.'

२९ नोव्हेंबर

थंडी पडली. आजची चाचणी आईबाबांना सांगून केली: सकाळी साडेपाचला पेटीची वायर काढली, रात्री साडेनऊपर्यंत तशीच ठेवली.

काय अडलं ते त्यांनीच सांगितलं. आईला गिझर बटणाने लावावा लागला, पण ते बटण आता खालीच, ओट्याजवळ आहे. टाकी बाबांनी मॅन्युअलवर भरली आणि ती भरत असताना ते चक्क फिरायला गेले, फ्लोट आहे म्हणून. जिन्याचा दिवा लागला नाही, कारण त्याचा नियम पेटीत आहे. आई संध्याकाळी गच्चीवरून पापड काढून आणताना अंधारातच उतरली.

हे मला चालणार नाही. जिना ही या घरातली पडण्याची पहिली जागा आहे आणि तिथलाच दिवा मी पेटीवर सोडला होता. जुलैमध्ये टू-वे अवघड वाटला म्हणून सोडला, तो आता करायचा. तोवर आज रात्रीच तिथे स्वतःचा सेन्सर असलेला साधा दिवा लावला, कशालाही न जोडता. वायरमन काका मंगळवारी येतील. खोल पेटी, दोन मीटर न्यूट्रल आणि टू-वेला चालणारं मॉड्यूल आणून ठेवायचं.